कपबशी वाजू लागते तेव्हा

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त मुख्याध्यापिका आपल्या सुनेसह तपासणीसाठी आल्या. काय त्रास होतो, असे विचारल्यावर म्हणाल्या, "मला काही होत नाही, डॉक्टर. हिच्या आग्रहाखातर आले." सून मात्र चिंतेत होती. सासूबाईंनी दोन वर्षांपूर्वी चहा सोडला. पित्त होते, असे कारण सांगितले. पुढे चैत्रातल्या हळदीकुंकवाला जाणे थांबले, मग भजनी मंडळ सुटले. आणि त्या महिन्यात 'सही जुळत नाही' असा शेरा मारून बँकेने त्यांचा धनादेश परत पाठवला. तीस वर्षे मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर सह्या केलेल्या बाई त्या संध्याकाळी खोलीचे दार लावून रडत बसल्या होत्या. पित्ताचा त्रास त्यांना कधीच नव्हता. कप उचलला की तो बशीवर खडखडत असे आणि बैठकीतल्या साऱ्यांच्या नजरा त्या आवाजाकडे वळत, एवढेच घडत होते.

घरच्यांनी निदान मनाशी करून टाकले होते: कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स. शेजाऱ्यांनी सुचवलेले कवचबीजाचे चूर्णही दोन महिने देऊन झाले होते. मी बाईंचे हात पाहिले. मांडीवर विसावलेले असताना ते पूर्ण स्थिर होते. समोर पसरायला सांगताच दोन्ही हातांना बारीक, जलद थरथर सुटली. पाण्याचा पेला ओठांशी नेताना ती वाढली. मग मी कागदावर एक चकली काढायला सांगितली. चकलीचे वेढे मोठे, मोकळे होते, पण रेघ सर्वत्र नागमोडी. चालणे चपळ, दोन्ही हात चालताना नीट हलणारे, चेहरा बोलका. बाईंना पार्किन्सन्स नव्हता. त्यांना होता तो 'इसेन्शियल ट्रेमर'.

हे नाव ऐकून पुष्कळजण गोंधळतात. मोबाइलवरच्या भाषांतरात त्याचे 'अत्यावश्यक कंप' होते, आणि असा कंप कोणाला आवश्यक असणार! वैद्यकात 'इसेन्शियल' म्हणजे दुसऱ्या कोणत्याही आजारातून न उद्भवलेला, स्वतःच मूळ असलेला. बहुसंख्य लोकांना होणाऱ्या उच्च रक्तदाबालाही हेच विशेषण लावले जाते. पूर्वी या कंपाला 'बिनाइन', म्हणजे निरुपद्रवी, असेही म्हणत. तो शब्द आता मागे पडला आहे, आणि पडला ते बरेच झाले. या कंपाने जिवाला धोका नसतो हे खरे. परंतु ज्याला चारचौघांत जेवायचा संकोच वाटतो त्याच्या दुखण्याला निरुपद्रवी कसे म्हणावे? उमेदवारीच्या काळात मीही एका आजोबांना 'वयोमानाप्रमाणे चालायचेच' असे सांगून परत पाठवले होते. ते वाक्य आठवले की आजही संकोच वाटतो.

हा विकार दुर्मीळ नाही. सर्व वयोगट धरले तर १०० पैकी सुमारे १ जणाला आणि पासष्टी ओलांडलेल्यांत १०० पैकी ४ ते ५ जणांना तो असतो. म्हणजे पार्किन्सन्सपेक्षा कितीतरी अधिक. लहान मेंदू, थॅलॅमस आणि मेंदूचा हालचाली ठरवणारा भाग यांच्यातील संदेशांच्या देवाणघेवाणीला एक नको असलेला ताल लागतो आणि स्नायू सेकंदाला ४ ते १२ वेळा हलू लागतात. वय वाढते तसा हा ताल थोडा मंदावतो, पण झोका मोठा होत जातो; म्हणून पन्नाशीत केवळ सुईत दोरा ओवताना जाणवणारी थरथर पंचाहत्तरीत आमटीची वाटी उचलू देत नाही. सुमारे निम्म्या रुग्णांच्या घराण्यात हा कंप आधीपासून असतो. बाईंना विचारले तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आमचे अण्णा सतत मानेने नाही-नाही म्हणत असायचे. आम्ही मुले त्याला सवय समजत होतो." मानेचा तो झोल आणि आवाजातील कापरेपणा हीदेखील याच विकाराची रूपे असू शकतात. हॉलिवूडची ख्यातनाम अभिनेत्री कॅथरीन हेपबर्न हिला हाच विकार होता. १९८१च्या 'ऑन गोल्डन पाँड' या चित्रपटात तिच्या मानेचा कंप स्पष्ट दिसतो आणि त्याच भूमिकेसाठी तिला चौथे ऑस्कर मिळाले.

आता पार्किन्सन्सशी असलेला फरक जरा सविस्तर पाहू, कारण सर्वाधिक भीती आणि सर्वाधिक चुकीचे उपचार येथेच होतात. पार्किन्सन्सचा कंप बहुधा हात स्वस्थ असताना दिसतो. वर्तमानपत्र बाजूला ठेवून माणूस दूरदर्शनपुढे बसला आहे आणि अंगठा व तर्जनी जणू जपमाळ ओढत आहेत, असे त्याचे रूप. तो एका बाजूने सुरू होतो आणि महिनोन्महिने त्याच बाजूला राहतो. हात एखाद्या कामाला लागला की पुष्कळदा तो कमी होतो. इसेन्शियल ट्रेमरचे याच्या उलट: हात स्वस्थ असताना शांत, कामाला लागला की थरथर, आणि ती बहुतेक वेळा दोन्ही हातांत. पार्किन्सन्सच्या रुग्णाचे अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते. इसेन्शियल ट्रेमरमध्ये ते मोठे आणि वेडेवाकडे होते. पार्किन्सन्समध्ये कंपापेक्षाही महत्त्वाची लक्षणे वेगळीच असतात: हालचालींतील मंदपणा, अंगाचा ताठरपणा, चालताना एक हात न हलणे, चेहऱ्यावरचे भाव ओसरणे. पुष्कळांची वास घेण्याची शक्तीही आधीच कमी झालेली असते.

एवढे वाचून घरच्या घरी निदान मात्र करू नये. काही जणांमध्ये दोन्हींची सरमिसळ दिसते आणि अनुभवी मेंदुविकारतज्ज्ञालाही निश्चित सांगण्यासाठी काही महिने वाट पाहावी लागते. इसेन्शियल ट्रेमर म्हणण्यासाठी हातांचा कंप किमान ३ वर्षे असावा, असा संकेत २०१८ साली तज्ज्ञांनी ठरवला, तो याच कारणासाठी. कवचबीजाबद्दल एक शब्द. त्यात लेव्होडोपा हे द्रव्य नैसर्गिकरीत्या असते आणि पार्किन्सन्समध्ये त्याचा परिणाम होतो, हे खरेच आहे. इसेन्शियल ट्रेमरला मात्र त्याचा उपयोग नाही, उलट मळमळ होणे, रक्तदाब उतरणे असे त्रास संभवतात. बाईंचे चूर्ण त्याच दिवशी बंद केले.

निदानाआधी आणखी एक गोष्ट तपासावी लागते आणि ती आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात असते. दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप, फिटांसाठीचे व्हॅल्प्रोएट, लिथियम, नैराश्यावरील काही गोळ्या यांनी हात थरथरतात. थायरॉइड ग्रंथी अधिक काम करू लागली तरी तसेच होते. अशा वेळी वजन घटते, छातीत धडधडते, उकाडा सोसवत नाही. त्यासाठी एक साधी रक्तचाचणी पुरते. पण ज्यावर मला थोडे रागावून लिहावेसे वाटते, ती आहे आपल्याकडची 'गॅसची गोळी'. आम्लपित्ताच्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड हे द्रव्य एकाच कॅप्सूलमध्ये घातलेले असते आणि ज्येष्ठ मंडळी ती वर्षानुवर्षे घेतात. जुनी चिठ्ठी दाखवली की दुकानदार देतो. चक्करसाठी घेतलेल्या सिनारिझिनचेही तसेच. ही औषधे मेंदूतील डोपामिनच्या कार्यात अडथळा आणतात आणि त्यांच्या दीर्घ वापराने हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणे उद्भवू शकतात: कंप, ताठरपणा, मंद चाल. गोळी थांबवल्यावर पुष्कळांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आराम पडतो. तेव्हा ज्या कोणाच्या घरी अशी कॅप्सूल रोज सकाळी उपाशीपोटी घेतली जात असेल, त्यांनी तिच्या पाकिटावरील नावे एकदा डॉक्टरांना वाचून दाखवावीत. दम्याचा पंप किंवा फिटांची गोळी मात्र स्वतःहून कदापि बंद करू नये.

एक सावधगिरीची सूचना येथेच देतो. कंप एकाएकी, तासाभरात किंवा एका दिवसात सुरू झाला, एकाच अंगाला आहे, बोबडेपणा किंवा अशक्तपणा सोबत आहे, तर हा लेख बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे. इसेन्शियल ट्रेमर असा अचानक येत नाही.

उपचार केव्हा सुरू करावा? थरथर दिसते म्हणून नव्हे. थरथरीमुळे काही सुटले असेल तर. मी रुग्णाला विचारतो, गेल्या वर्षभरात कोणत्या गोष्टी करणे थांबवले? उत्तर 'काहीच नाही' असे आले तर औषधाची घाई नसते. बाईंची यादी बरीच लांब निघाली: चहा, हळदीकुंकू, निरांजनाने ओवाळणे, वाती वळणे, नातवाच्या वहीवर नाव घालणे.

दोन औषधे सर्वांत जुनी आणि सर्वांत भरवशाची आहेत. प्रोप्रॅनोलॉल हे मुळात हृदयविकारासाठी निघालेले. त्याचे जनक जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दम्याच्या रुग्णाला ते चालत नाही. ज्यांची नाडी आधीच मंद आहे किंवा हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा आहे, त्यांनाही नाही. मधुमेहींनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी: साखर एकदम उतरली की होणारी धडधड आणि थरथर या औषधाने झाकली जाते. घाम मात्र येतो. इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीला अकारण दरदरून घाम आला तर घरच्यांनी लगेच साखर तपासावी. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल आधीच चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगावे. एकाच जातीची दोन औषधे एकत्र नकोत. आणि हे औषध एकाएकी तोडायचे नसते, हळूहळू कमी करायचे असते.

दुसरे प्रिमिडोन, मूळचे फिटांवरचे. त्याच्या पहिल्याच गोळीने काही ज्येष्ठांना इतकी गुंगी, मळमळ आणि चक्कर येते की ते पुन्हा नाव काढत नाहीत. म्हणून अगदी लहान मात्रेने, रात्री झोपताना सुरुवात करतात. पहिले काही दिवस रात्री उठताना कोणीतरी सोबत असावे. या दोन्ही औषधांकडून अपेक्षा किती ठेवावी, हे आरंभीच सांगितलेले बरे. सुमारे निम्म्या रुग्णांना उपयोग होतो आणि त्यांचाही कंप निम्म्याच्या आसपास कमी होतो. नाहीसा होत नाही. पण भरलेल्या कपातून चहा सांडणे आणि न सांडणे यांत तेवढेच अंतर असते. मान आणि आवाज यांना गोळ्या फारशा दाद देत नाहीत. तेथे बोट्युलिनमची इंजेक्शने काहींना उपयोगी पडतात.

मद्याचा घोट घेतला की हात स्थिर होतो, असे काही पुरुष रुग्ण दबक्या आवाजात सांगतात. ते खोटे नाही. या विकारात पुष्कळांना तसा तात्पुरता फरक पडतो. मात्र परिणाम ओसरला की कंप अधिक जोराने परततो आणि ज्येष्ठ वयात पडण्याचा धोका वाढतो. उपचार म्हणून त्याचा विचारही नको. जेवण टाळणे, अपुरी झोप, कडक चहा-कॉफी आणि मनावरचा ताण यांनी थरथर वाढते, एवढे आपल्या हाती आहे.

गोळ्यांना न जुमानणाऱ्या आणि जगणे अवघड करून टाकणाऱ्या कंपासाठी शस्त्रक्रिया आहे. थॅलॅमसमध्ये बारीक तार बसवून सतत विद्युत-उत्तेजन देण्याची पद्धत फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे बेनाबिद यांनी १९८७ साली सुरू केली. अलीकडची पद्धत कवटी न उघडता, एमआरआय यंत्रात झोपवून, ध्वनिलहरी एका बिंदूवर केंद्रित करण्याची. अमेरिकेत तिला २०१६ साली मान्यता मिळाली आणि भारतातही काही मोठ्या केंद्रांत ती होते. तिच्यासाठी डोक्याचे केस काढावे लागतात, कवटीचे हाड योग्य घनतेचे असावे लागते आणि एका वेळी एकाच बाजूवर उपचार होतो. तोल जाणे, ओठ वा बोटे बधिर होणे असे त्रास काहींना राहतात. खर्च मोठा असतो. पण सत्तरीच्या पुढच्या माणसाला 'आता कशाला' म्हणून हा पर्याय न सांगणे मला पटत नाही.

आता स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या पानावर येऊ. कपबशी प्रथम रजा घेऊ द्या. बशीतून चहा पिणे या विकारात सर्वांत अवघड. रुंद बुडाचा, मोठ्या कानाचा, जड मग घ्यावा आणि तो निम्माच भरावा. उरलेला चहा थर्मासमध्ये राहू द्या. माळ्यावर टाकलेली पितळी किंवा काशाची जड भांडी उतरवून पाहावीत. जडपणामुळे काहींचा हात स्थिरावतो, काहींचा नाही, पण आजमावण्यास खर्च काही नाही. हलका प्लास्टिकचा पेला मात्र सर्वांनाच गैरसोयीचा. कोपरे टेबलावर टेकवून किंवा बरगड्यांशी घट्ट धरून पेला दोन्ही हातांनी उचलला की झोका लहान होतो. आपल्या जेवणाची एक सोय अशी की हाताने जेवता येते. पोळी-भाकरीच्या घासात थरथर लपून जाते. वरणभात थोडा घट्ट कालवावा, कढी-आमटी मगातून घोटघोट प्यावी. कढईतले तळण आणि उकळत्या दुधाचे पातेले उतरवणे ही कामे मात्र दुसऱ्याकडे सोपवावीत.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत थेंब घालणे ही एक मोठी अडचण होऊन बसते. उताणे झोपून, बाटली धरलेल्या हाताची कड कपाळावर टेकवावी. हाताला आधार मिळाला की थेंब डोळ्यातच पडतो. दाढीसाठी वस्तऱ्याऐवजी विजेवर चालणारे यंत्र, पोलक्याला हुकांऐवजी चिकटपट्टी, पत्र लिहिण्याऐवजी मोबाइलपुढे मराठीत बोलणे. यांतले प्रत्येकाला सारे लागेल असे नाही.

सहीचा प्रश्न मात्र हक्काचा आहे, त्यात लाजू नये. अक्षर बदलले असेल तर बँकेत ओळखपत्रासह जाऊन नमुना सही नव्याने नोंदवता येते. नवी सही आखूड, मोकळी आणि उचल कमी असलेली निवडावी. ती घरी जाड शाईच्या पेनाने, हात कोपरापर्यंत टेबलावर ठेवून गिरवावी. सही करणे अशक्यच झाले असेल तर अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेला परिचित अशा दोन साक्षीदारांनी, ज्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असेल, तो ओळखायचा असतो. ही तरतूद रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे. सत्तरीवरील खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असेही रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना कळवले आहे. हयातीच्या दाखल्यासाठी दरवर्षी नोव्हेंबरात रांगेत उभे राहून थरथरत्या बोटाचा ठसा पुनःपुन्हा देत बसण्याची गरज आता उरलेली नाही. २०२१पासून 'जीवन प्रमाण' मोबाइलवर चेहरा दाखवूनही काढता येते. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना तर १ ऑक्टोबरपासूनच ते देता येते.

घरातील तरुण मंडळींना एकच विनंती. "आई, घाबरू नकोस, हात स्थिर ठेव" असे म्हणू नये. भीतीमुळे थरथर वाढते हे खरे, पण ती भीतीने निर्माण झालेली नसते, आणि इच्छाशक्तीने थांबतही नाही. सर्वांची नजर हाताकडे लागली की ती हमखास वाढते. पाहुण्यांसमोर पेला हातातून काढून घेण्यापेक्षा तो आधीच निम्मा भरून ठेवावा. सांडले तर फडके जवळ असू द्यावे आणि गप्पा चालू ठेवाव्यात.

तपासणीला जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक चूर्णांसह, पिशवीत घालून न्यावीत. दहा वर्षांपूर्वीचे एखादे हस्ताक्षर आणि आजचे, दोन्ही न्यावे. जेवताना व लिहितानाच्या हाताची मिनिटभराची ध्वनिचित्रफीत मोबाइलवर घेऊन ठेवावी, कारण डॉक्टरांसमोर हात कधी अधिकच थरथरतो तर कधी शहाण्यासारखा वागतो.

बाईंना प्रोप्रॅनोलॉल मानवले. चहा निम्म्या मगातून पुन्हा सुरू झाला, बँकेत नवी सही नोंदवली गेली. ओवाळण्याचे तबक मात्र त्या आता सुनेसोबत दोघी मिळून धरतात. वर्षभराने तपासणीला आल्या तेव्हा सोबत सून नव्हती, एकोणीस वर्षांचा नातू होता. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पिपेट धरताना त्याचा हात थरथरत असे आणि मुले हसत म्हणून त्याने प्रात्यक्षिकांना दांडी मारायला सुरुवात केली होती. घरात कोणालाच त्याने सांगितले नव्हते, बाईंनी ओळखले. त्याला माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसवून त्यांनी माझ्याच टेबलावरचा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "याला आधी एक चकली काढायला सांगा, डॉक्टर."